टेनिस खेळून अमेरिकेत कॉलेज: ३ लाख ३० हजारांच्या पॅकेजचा रिव्ह्यू

अडीच स्टार. नवरा म्हणाला एकच दे, लेक म्हणाली आई त्या मॅडमसाठी तरी तीन दे, शेवटी मधलं काढलं.

एजन्सीचं नाव टाकत नाहीये. एक तर त्यांच्याशी पैशांचं अजून मिटलेलं नाही (ते खाली येईलच) आणि दुसरं म्हणजे आम्ही सही करायच्या आधी तीन ठिकाणी जाऊन आलो होतो, तिन्हीकडे तेच ब्रोशर, तीच हिरवीगार लॉन, तोच हूडी घातलेला हसरा मुलगा. त्यामुळे नाव कुठलंही घ्या, गोष्ट साधारण हीच.

तर झालं असं की लेक सातव्या वर्षापासून टेनिस खेळते. स्टेटला बरी, नॅशनल सिरीजला मेन ड्रॉमध्ये एखाद-दोन राउंड काढणारी. म्हणजे चांगली आहे, पण ग्रँड स्लॅमवाली नाही, हे तिलाही माहितीये आणि तिच्या सरांनाही. दहावीच्या सुट्टीत तिच्या डोक्यात कॉलेज टेनिस शिरलं, कारण ऋतुजा भोसले. आपल्याकडची मुलगी, टेक्सास ए अँड एमकडून खेळली, डिग्री घेतली, परत येऊन २०२३ च्या एशियन गेम्समध्ये बोपण्णाबरोबर मिक्स्ड डबल्सचं गोल्ड घेतलं. पुण्याचा अर्जुन कढेही ओक्लाहोमा स्टेटचा. लेकीचं म्हणणं, इथे बारावीनंतर एक तर अभ्यास नाहीतर खेळ असं निवडावं लागतं, तिकडे दोन्ही एकाच कॉलेजात होतं आणि वर पैसेही मिळतात. मुद्दा बरोबरच होता. आम्हाला मात्र यातलं ओ की ठो माहीत नव्हतं, म्हणून जुलै २०२४ मध्ये एजन्सीत गेलो.

ऑफिस एकदम चकाचक. एसी, कॉफी मशीन, भिंतीवर सोमदेव देववर्मनचा हा मोठ्ठा फोटो. मी भाबडेपणाने विचारलं हे तुमच्याकडूनच गेले का, तर सेल्सवाला मुलगा म्हणाला, "मॅम, ही इज अवर इन्स्पिरेशन." सोमदेवने व्हर्जिनियाकडून एनसीएएची (ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना) सिंगल्स २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोनदा जिंकली, तेव्हा हा मुलगा तिसरी-चौथीत असेल. इन्स्पिरेशन कुणाचंही असू शकतं म्हणा.

पॅकेज २ लाख ८० हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख ३० हजार ४००, तीन हप्त्यांत. त्यात प्रोफाइल, हायलाइट व्हिडिओ, १५० कोचना मेल, कॉलची तयारी, एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरचं रजिस्ट्रेशन करून देणं आणि एनएलआय (खेळाडूने कॉलेजला सही करून द्यायचं पत्र) साइनिंगला मदत. शिवाय तोंडी "डिव्हिजन वन पक्कं मॅम", म्हणजे कॉलेज खेळातली सगळ्यात वरची पातळी. हे तोंडीवालं लक्षात ठेवा, करारात कुठेच नव्हतं.

आधी चांगलं सांगते, नाहीतर लेक रागवेल.

त्यांच्याकडे एक काउन्सेलर मॅडम होत्या, स्वतः तिकडे चार वर्षं खेळून आलेल्या. पहिल्याच मीटिंगला त्यांनी रँकिंग विचारलंच नाही, विचारलं अकरावीला विषय कुठले घेतले. लेकीने कॉमर्स घेतलं होतं आणि मॅथ्स सोडून एसपी (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस) घेणार होती, कारण सकाळ-संध्याकाळ प्रॅक्टिस, मॅथ्सचा क्लास कधी लावणार, आणि वर्गातल्या निम्म्या पोरी एसपीच घेत होत्या. मॅडम ताडकन म्हणाल्या, मॅथ्स सोडू नकोस. एनसीएएच्या डिव्हिजन १ चं गणित असं असतं की नववी ते बारावी मिळून १६ कोअर विषय लागतात, त्यात इंग्लिश चार वर्षं, मॅथ्स तीन वर्षं, सायन्स दोन. सायन्स नववी-दहावीत होऊन जातं, इंग्लिश बारावीपर्यंत असतंच, पण मॅथ्स दहावीला सोडलं की दोनच वर्षं भरतात. म्हणजे बारावीत जाऊन जाग आली तर फार उशीर. आणि नववीची मार्कशीट! आपल्याकडे नववीची मार्कशीट कोण जपून ठेवतं? आमची माळ्यावरच्या बॅगेत सापडली, एका कोपऱ्याला कसर लागलेली, शाळेत जाऊन डुप्लिकेट काढली. कॉलेजमध्ये एसपीचं मॅथ्स करून घ्यायला दोन चकरा आणि एक अर्ज लागला. हे एक वाक्य त्या मॅडमनी सांगितलं नसतं तर बाकीचं काहीच झालं नसतं. ते अडीच स्टार याचेच.

मॅडमनी जानेवारीत नोकरी सोडली. त्यानंतर आमची फाइल तीन जणांकडे फिरली.

आता व्हिडिओ. त्यांचा माणूस कॅमेरा घेऊन येणार होता, दोनदा तारीख दिली, दोनदा रद्द, शेवटी म्हणाले फोनवर शूट करून पाठवा आम्ही एडिट करू. मग काय, कोथरूडहून सकाळी सहाला बालेवाडी, बेसलाइनच्या मागच्या जाळीला माझ्या ओढणीने फोन बांधला, पूर्ण कोर्ट दिसेल असा, आणि दोन सेट मी शेजारी श्वास रोखून उभी, कारण मागे नवऱ्याला सांगितलं होतं की एक शब्द बोलायचा नाही, तरी चौथ्या गेमला त्याचं "अगं बॅकहँड!" आलंच आत. एजन्सीने त्याचा अडीच मिनिटांचा व्हिडिओ केला. धडाधड म्युझिक, स्लो मोशन, लेकीच्या नावाला आग लागलेली अक्षरं, आणि प्रत्येक पॉइंट हिनेच जिंकलेला. सासूबाईंना फार आवडला, त्यांनी सगळ्या ग्रुपवर पाठवला. एका अमेरिकन कोचचं मात्र दोन ओळींचं उत्तर आलं, म्युझिक नको, कट न केलेले दोन सेट पाठव, हरलेले पॉइंट असलेले. आता विचार करा ना, पॉइंट गेल्यावर पोरगी रॅकेट आपटते की मान वर करून पुढच्या सर्व्हला उभी राहते हे त्यांना बघायचं असतं, ते आगवाल्या अक्षरांत कुठून दिसणार. आम्ही मूळ फाइल तशीच लिंक करून पाठवली, "अगं बॅकहँड" सकट.

मेलचं तर काय सांगू. १५० कोचना मेल गेले हे खरं, त्यांनी एक्सेल शीट दाखवली. पण एक कोच उत्तरात म्हणतात की तुझा मेल छान आहे, मात्र तू ज्या कॉलेजचं नाव लिहिलंयस ते आमच्यापासून दोन राज्यं लांब आहे. म्हणजे एकच मेल कॉपी-पेस्ट, नाव बदलायचं राहिलं. शीट नीट बघितली तर त्यातल्या एका कॉलेजात मुलींचं टेनिस टीमच नाही! लेक त्या रात्री रडली. मला इतका राग आला की मी रात्री बाराला मोठ्ठा मेल टाइप केला, सकाळी नवऱ्याने वाचला आणि निम्मा खोडला.

आणि लेव्हलचा घोळ वेगळाच. तिकडच्या टेनिस कोचला आपल्या एआयटीए (भारतातली टेनिस संघटना) रँकिंगचं फार काही पडलेलं नसतं, ते यूटीआर (युनिव्हर्सल टेनिस रेटिंग) बघतात, एक ते साडेसोळाचा आकडा. तो कुठल्या राउंडला पोचलात यावर नसतो, समोरची किती भारी होती आणि तिच्याकडून तुम्ही किती गेम घेतले यावर असतो. म्हणजे कमकुवत ड्रॉ शोधून फायनल खेळण्यापेक्षा तगड्या मुलीशी ४-६, ४-६ हरणं फायद्याचं पडू शकतं. आम्ही वर्षानुवर्षं उलटं करत होतो, पॉइंट्ससाठी कुठल्या गावात ड्रॉ हलका आहे बघून रात्रीची बस पकडायचो. लेकीचा यूटीआर तेव्हा ७.४. मी एका रविवारी बसून स्वतः टीमचे रोस्टर, म्हणजे खेळाडूंच्या याद्या, उघडल्या, एकेका मुलीचा यूटीआर बघितला, तर वरच्या टीममध्ये सगळ्या दहाच्या पुढे. जगभरातून मुली येतात, डिव्हिजन १ टेनिसमध्ये अर्ध्याहून जास्त खेळाडू बाहेरच्या देशांतले. आणि एजन्सीने ७.४ वाल्या मुलीचे १५० पैकी ९० मेल याच वरच्या टीमना टाकलेले! याला आउटरीच म्हणायचं की लॉटरी?

बरं, डिव्हिजन १ म्हणजेच सगळं हेही त्यांनीच डोक्यात भरवलेलं. डिव्हिजन ३ मध्ये खेळाची स्कॉलरशिप नसतेच, पण अभ्यासावर आणि गरजेवर पैसे देतात, आणि सगळ्यात जास्त कॉलेजं त्याच डिव्हिजनमध्ये आहेत. आयव्ही लीग डिव्हिजन १ आहे, तिथेही खेळाची स्कॉलरशिप शून्य. डिव्हिजन २ ला मुलींच्या टेनिसला टीममागे ६ स्कॉलरशिपइतके पैसे, त्याचे तुकडे करून वाटतात, त्याला अभ्यासाची जोड देतात. शिवाय एनएआयए ही वेगळी संघटना आहे, दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं आहेत. यातलं एक अक्षर ब्रोशरमध्ये नव्हतं, तिथे फक्त "फुल राइड", म्हणजे सगळा खर्च कॉलेजचा.

त्या फुल राइडचीच गंमत ऐका. २०२४ ला सही केली तेव्हा डिव्हिजन १ मुलींच्या टेनिसला टीममागे ८ पूर्ण स्कॉलरशिप हा नियम होता, म्हणजे ब्रोशर तेव्हा बरोबर होतं. पण ६ जून २०२५ ला तिकडे कोर्टाने हाऊस सेटलमेंट (कॉलेज खेळाडूंच्या पैशांवरून चाललेल्या खटल्यातली तडजोड) मंजूर केली आणि सगळा पटच बदलला. जी कॉलेजं त्यात सामील झाली त्यांना स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि रोस्टरची आली, टेनिसला १०. दहाच्या दहा जणींना पैसे देता येतात, पण द्यायलाच पाहिजेत असं काही नाही, आणि कॉलेजांना आता खेळाडूंना थेट पैसेही देता येतात, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ते कुणाकडे जाणार? फुटबॉल, बास्केटबॉल. काही कॉलेजांनी टेनिसची टीमच बंद केली. आणि आमची एजन्सी ऑगस्ट २०२५ च्या पालक मीटिंगला तीच जुनी स्लाइड दाखवतेय, आठ पूर्ण स्कॉलरशिप! खाली एनएलआय साइनिंगला मदत. अहो, नॅशनल लेटर ऑफ इंटेंट हा प्रकारच एनसीएएने ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद केला, आता कॉलेजशी आर्थिक मदतीचा करार होतो. मी हात वर करून विचारलं. "अपडेट करतोय मॅम." पुढची स्लाइड एनआयएलची, म्हणजे खेळाडूने स्वतःच्या नावावर-चेहऱ्यावर पैसे मिळवायचे, इन्स्टाग्रामवर ब्रँडकडून कमवा वगैरे. एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावरच्या पोरांना तिकडे काम करायला किती बंधनं असतात, कॅम्पसवर आठवड्याला २० तास एवढंच साधारण, त्यात ब्रँडचे पैसे घेतले तर व्हिसाच अडचणीत यायचा. समोर चाळीस पालक बसलेले, काही जण तर स्लाइडचे फोटो काढत होते.

एसएटीचंही तेच. आमच्याकडून ४५ हजार वेगळे घेतले, एनसीएएला एसएटी कंपल्सरी आहे म्हणून. एनसीएएने ती अट जानेवारी २०२३ मध्येच काढून टाकलीय. एखादं कॉलेज स्वतःहून मागू शकतं, मेरिटच्या पैशांना उपयोगही होतो, पण "कंपल्सरी" हे धडधडीत खोटं. लेकीने दिली, बरे मार्क आले, त्यामुळे वाया गेले असं म्हणवत नाही, पण फसवून घेतले ते घेतलेच.

आमच्या ओळखीतल्या एकांनी आठवीतल्या मुलासाठी हेच पॅकेज घेतलं, "पहिल्या दिवसापासून कोचशी संपर्क". दहावीनंतरच्या १५ जूनच्या आधी टेनिसचे डिव्हिजन १ चे कोच रिक्रूटिंगबद्दल मुलाला उत्तरच देऊ शकत नाहीत, नियमच तसा आहे. त्यांना सांगितलं तर म्हणाले, आता पैसे भरलेत ना.

सप्टेंबरपासून आम्ही एजन्सीला बाजूला ठेवलं आणि लेकीने स्वतः मेल लिहायला घेतले. रोज पाच, जास्त नाही. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर कोचचा मेल असतोच आणि एक फॉर्म असतो, फुकट. तिने यूटीआर लिहिला, मार्क लिहिले, न कापलेल्या मॅचची लिंक, आणि त्या टीमची कुठली मॅच बघितली ते एका ओळीत. बघितली म्हणजे खरंच बघितली हं, रात्री लॅपटॉपवर स्ट्रीम लावून, मी पण बसायचे शेजारी शेंगा खात. मला तर कॉलेज टेनिस प्रचंड आवडलं! तीन डबल्स आधी, एकेकच सेट, त्यातल्या दोन जिंकल्या की टीमला एक पॉइंट, मग सहा सिंगल्स, सातातले चार पहिले घेईल ती टीम जिंकली. ड्यूसला अॅडव्हान्टेज वगैरे काही नाही, थेट एक पॉइंट आणि गेम. आणि शेजारच्या कोर्टवरून पोरी एकमेकींना ओरडून ओरडून चीअर करतायत, आपल्याकडे ज्युनियरला आईने टाळी वाजवली तरी रेफ्री बघतो.

ते डबल्सचं बघून लेकीच्या सरांनी प्रॅक्टिस बदलली. आपल्याकडे डबल्स म्हणजे सिंगल्स हरल्यावर वेळ घालवायला खेळायचं, तिची व्हॉली आणि सेकंड सर्व्ह रिटर्न यथातथाच होतं. दोन-अडीच महिने रोज अर्धा तास फक्त नेटवर. आणि नोव्हेंबरच्या शेवटी पहिला कॉल आला, तिकडे सकाळचे नऊ, इकडे रात्रीचे साडेआठ, कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून मी गॅस बंद करून स्वयंपाकघरात अंधारात उभी. कोचचा दुसराच प्रश्न, डबल्समध्ये कुठल्या बाजूला खेळतेस? लेक म्हणाली अॅड कोर्ट, आणि रिटर्न अजून नीट बसत नाही, त्यावर काम चाललंय. मी आत कपाळाला हात लावला, कशाला सांगते ही! कोच हसले म्हणे, आणि मग पंधरा मिनिटं त्या रिटर्नबद्दलच बोलत होते. एजन्सीच्या कॉल तयारीत शिकवलेलं उत्तर होतं, "माय वीकनेस इज आय वर्क टू हार्ड."

तर आता ऑफर आहे. मिडवेस्टमधलं लहान गाव, डिव्हिजन २. वर्षाचा सगळा खर्च ३८ हजार डॉलर, टेनिस आणि मार्क मिळून २४ हजार देतायत, उरलेले १४ हजार आमचे, म्हणजे वर्षाला साडेबारा लाखांच्या आसपास. कमी नाहीयेत हे पैसे, फुकटात अमेरिका वगैरे कुणी सांगत असेल तर त्याला विमानाचं तिकीट, इन्शुरन्स, स्टुडंट व्हिसासाठीची ३५० डॉलरची सेव्हिस फी हे विचारा. घरात अजून हिशोब चालूच आहे, पुण्यात बीकॉम करून क्लबवर खेळली तर काय, हा नवऱ्याचा पर्याय अजून टेबलावर आहे. लेकीने मात्र थंडीचं जॅकेट बघून ठेवलंय.

आता पैशांचं. हे कॉलेज एजन्सीच्या १५० च्या शीटमध्ये नव्हतंच. मेल लेकीचा, व्हिडिओ माझ्या ओढणीचा. पण ऑफरचं कळल्यावर एजन्सीचा आधी मेसेज आला की अभिनंदन, लेकीचा फोटो पाठवा, वॉलवर लावतो. आणि दोन दिवसांनी इन्व्हॉइस. करारात कलम ११, बारीक अक्षरात, की कराराच्या मुदतीत कुठल्याही मार्गाने मिळालेल्या स्कॉलरशिपच्या पहिल्या वर्षाच्या रकमेवर १० टक्के सक्सेस फी. २,४०० डॉलर, दोन लाखांच्या वर. मी बँकेत नोकरी करते, दिवसभर लोकांना सांगते की सही करायच्या आधी वाचा, आणि स्वतः कॉफी पीत पीत सही केली. वकिलांना दाखवलंय, ते म्हणाले "कुठल्याही मार्गाने" यावर भांडता येईल, आधी एसएटीच्या ४५ हजारांची पावती शोधा. ती सापडलीय, नववीच्या मार्कशीटवाल्याच बॅगेत.

घ्यायचंच असेल कुणाला तर पूर्ण पॅकेज घेऊ नका, कुठली एजन्सी तयार असेल तर विषय आणि कागदपत्रं बघणाऱ्या माणसाचे दोन तास विकत घ्या, आणि तो माणूस स्वतः खेळून आलाय का ते विचारा. आमच्या मॅडम आता दुसऱ्या शहरात आहेत, लेकीने ऑफरचं त्यांना कळवलं, त्यांचा एवढाच रिप्लाय, मॅथ्सचा पेपर कसा गेला?

फोटो दिला नाहीये. एजन्सीचा फोन रोज दुपारी तीनला येतो, मी काउंटरवर असते, समोर लाइन असते, उचलत नाही.